कूलरच्या पाण्यावरची परसबाग

मी तीस वर्षं लोकांना शेती शिकवली आणि त्या तीस वर्षांत स्वतःच्या हाताने मिरचीचं एक रोप लावलं नाही. आता पेन्शन सुरू झालंय, त्यामुळे हे कबूल करायला हरकत नाही. नोकरी सरकारी होती आणि काम सल्ला देण्याचं. परतवाड्याकडच्या गावांत जायचं, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरायची, भिंतीवर तक्ता टांगायचा आणि छडीने दाखवत जायचं, हा खरीप, हा रब्बी, हा उन्हाळी. लोक मुकाट्याने ऐकायचे, कारण शेवटी चहा असायचा. एखादा म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणायचा, "साहेब, तुमचं बराबर हाये, पन आमच्या वावरात तसं होऊन नाई राह्यलं." मी म्हणायचो, "तक्त्याप्रमाणे करा, होईल." पुढच्या वर्षी तोच म्हातारा तेच म्हणायचा आणि मीही तेच म्हणायचो. याला आमच्याकडे मार्गदर्शन म्हणत.

निवृत्तीनंतर आम्ही अकोल्याला आलो. शहराच्या कडेला एका नव्या कॉलनीत प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर घर बांधलं. घरामागे चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा उरली. माती काळीभोर आणि बोअरचं पाणी खारं. नळ पाच-सहा दिवसांनी येतो आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक; त्या पाण्यातून आम्ही पिण्या-रांधण्यापुरतं भरून ठेवतो. बाकी आंघोळ, धुणीभांडी, कूलर, सगळं बोअरवर. या भागाला खारपाणपट्टाच म्हणतात, जमिनीच्या पोटातलं पाणी इथे खारट. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. खारपाणपट्ट्यावर माझा एक स्वतंत्र तक्ता होता.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माझी माय. माय ऐंशीच्या पुढची आहे, नेमकं वय तिलाही माहीत नाही. आम्हाला जमीन नव्हती. तिने उभा जन्म दुसऱ्यांच्या भाजीच्या मळ्यांत मजुरी केली. निंदण केलं, पाणी दिलं, वांगी-टमाटे तोडून टोपल्या भरल्या. मी शिकलो, नोकरीला लागलो, तेव्हा कुठे तिची मजुरी सुटली.

जानेवारीतल्या एका सकाळी मागच्या पायरीवर ऊन खात बसलेली असताना तिने मला विचारलं, "हे माती आपली हाये ना रे?"

"आपलीच हाये."

"कोनाचा मक्ता नाई, कोनाची बटई नाई?"

"नाई व माय."

"मंग यंदा बुद्ध पौर्निमेच्या जेवनात माह्या घरची भाजी गेली पायजे. वांगे. दुसरं मले काई नोको."

वैशाखातल्या पौर्णिमेला आमच्या विहारात मोठं जेवण असतं. ज्याला जे जमेल ते तो आणून देतो आणि कोणी काय दिलं ते माइकवरून सांगतात. मी दरवर्षी तांदळाचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, देतो आणि माझं नाव चांगलं हुद्द्यासकट पुकारलं जातं. मी तिला त्या कट्ट्याची आठवण करून दिली.

"तो तांदूय तुहा," माय म्हणाली. "माहं काय हाये त्याच्यात?"

ती रागाने बोलली नाही. सरळ विचारलं. आणि मग तितक्याच सरळ पुढचं सांगितलं, "पुढच्या पौर्निमेले मी हाये का नाई, कोनं पाह्यलं."

आता वैशाखात अकोल्यात वांगी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मे महिन्यात आमच्या गावाचं नाव देशाच्या बातम्यांत येतं ते एकाच कारणाने, आणि त्यात आम्हाला थोडा अभिमानही वाटतो. अमरावतीचा पारा आमच्या वर गेला तर अकोल्याचा माणूस खट्टू होतो. अशा उन्हात माणसं घराबाहेर निघत नाहीत, तिथे वांग्याने फूल धरून ठेवायचं होतं. पण मी घाबरलो नाही. तीस वर्षांत मी एकदाही घाबरलो नव्हतो, कारण वावर नेहमी दुसऱ्याचं असायचं.

मी तक्ता करायला घेतला. पंधरा दिवस लागले. मराठी महिने वेगळे, इंग्रजी महिने वेगळे, तापमानाची रेघ लाल, पाण्याची निळी, वाऱ्याची दिशा बाणाने. बी टाकायचं कधी, रोप हलवायचं कधी, पहिली तोडणी कधी, सगळं चौकटीत. पौर्णिमेची चौकट मी पिवळी रंगवली. मग तो तक्ता घेऊन मुद्दाम अमरावतीला गेलो, कारण राजापेठेतला एक दुकानदार माझ्या तक्त्यांना वर्षानुवर्षं प्लास्टिक चढवत आलाय आणि त्याचा हात मला आवडतो. परत आल्यावर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिळा ठोकून तक्ता लावला. वर पाटी केली, "परसबाग नियोजन, उन्हाळी हंगाम".

बायको धुणं वाळत घालत होती. तिने पाटी वाचली आणि म्हणाली, "पाटी तं उगवली. वांगे कवा उगवतेत?"

तिला या कामातलं काही कळत नाही म्हणून मी दुर्लक्ष केलं. मायला कळतं हे मला ठाऊक होतं. पण तिचं ज्ञान अनुभवाचं होतं आणि माझं कागदाचं, आणि आमच्या नोकरीत अनुभव खाली सतरंजीवर बसत असे. त्यामुळे मी तिला विचारलं नाही. मोबाइलवर एका पुण्याच्या गृहस्थाचे व्हिडिओ मात्र रोज पाहिले. गृहस्थ गॅलरीत कुंड्या घेऊन बसायचे आणि सांगायचे, झाडांना सकाळचं कोवळं ऊन द्या. मी तेही तक्त्यात लिहिलं. होळीनंतर आमच्याकडे कोवळं ऊन पाच मिनिटं असतं, हे मी कॉलनीतल्या रिक्षावाल्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

रोपं मात्र झकास आली. फेब्रुवारीच्या शेवटी मी दोरी धरून, फूटपट्टी लावून, वाफ्यात चोवीस रोपं लावली. माय पायरीवरून बघत होती. मधूनच म्हणाली, "खोल लाव जरा." मी म्हणालो, "रोपाची खोली निश्चित केलेली आहे." सल्ल्याची वेळ आली की माझी जीभ आपोआप पुस्तकी होते. घरात कोणी आजारी पडलं तरी मी असाच बोलतो.

होळी झाली आणि कूलर लागले. वऱ्हाडात कूलर लागला म्हणजे घरात एक माणूस वाढला. त्याला वेळेवर पाणी लागतं, त्याचं गवत बदलावं लागतं आणि त्याचा आवाज बंद झाला की सगळं घर जागं होतं. दिवसभर तो बोअरचं पाणी पितो आणि सकाळी टाकीत उरलेलं लोक नालीत सोडून देतात. ते वाया जाणारं पाणी पाहून माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दोन कूलरच्या टाक्यांना नळी जोडली आणि नळी वाफ्यात सोडली. एका पैशाचा खर्च नाही, एक थेंब वाया नाही. तक्त्यावर निळ्या रेघेशेजारी मी लिहिलं, "पाण्याचा पुनर्वापर". फोटो काढून आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकला. टाळ्या आल्या, फुलं आली, अंगठे आले. दोघांनी तर त्याच आठवड्यात आपापल्या कूलरला नळ्या जोडल्या. इतक्या वर्षांत माझा सल्ला एवढ्या लवकर कोणी मानला नव्हता.

एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. मी आधी ठरवलं की ऊन लागतंय, म्हणून हिरवी जाळी बांधली. मग ठरवलं की कोळी कीड पडलीय, म्हणून लिंबोळीचा अर्क मारला. मग ठरवलं की खत कमी आहे. खत दिलं तेव्हा चार रोपं दोन दिवसांत गेली. शेवटी ठरवलं की पाणीच कमी पडतंय, आणि कूलरच्या टाक्या दिवसातून दोनदा रिकाम्या करू लागलो. तक्त्यात या सगळ्याला जागा नव्हती, म्हणून समासात बारीक अक्षरात लिहीत गेलो. समासही भरला.

माय रोज वाफ्याजवळ येऊन बसायची. करपलेलं पान हातात घ्यायची, चोळायची, टाकून द्यायची. पौर्णिमेला किती दिवस राहिले हे ती बायकोला विचारायची, मला नाही.

एके दिवशी मी कूलरचं गवत बदलत होतो. माय शेजारी बसून जुनं गवत पोत्यात भरत होती. गवतावर पांढरा थर बसला होता, हाताला टोचेल एवढा जाड. तिने त्याचा कपचा काढून पाहिला.

"हे पांढरं कायचं बसते रे याच्यावर?"

मला आवडता विषय मिळाला. मी सांगायला लागलो की आपल्या भूगर्भातील पाण्यात क्षारांचं प्रमाण जास्त आहे, कूलरमध्ये पाण्याची वाफ होऊन उडून जाते, क्षार मात्र उडत नाहीत, ते टाकीत साचत जातात, त्यामुळे टाकीतलं उरलेलं पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारं होतं. हे सगळं मी हातवारे करून समजावलं.

मायने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मंग ते झाडाले काऊन पाजून राह्यला?"

बायको दारात उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी हातातलं गवत टाकून दोन्ही नळ्या काढल्या. खारपाणपट्ट्यावर माझा स्वतंत्र तक्ता होता आणि मी खारपाणपट्टा स्वतःच्या हाताने, नळी लावून, दिवसातून दोनदा परसात तयार केला होता. ग्रुपवरच्या त्या दोघांना फोन करून सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यातल्या एकाने विचारलं, "तुमच्या तक्त्यात होतं ना?"

पौर्णिमेला बारा दिवस उरले होते. चोवीसपैकी जिवंत म्हणावं असं एकही रोप नव्हतं. मला मायच्या समोर जायची लाज वाटत होती. जेवायला बसलो तरी मी ताटात बघून जेवायचो. माझ्या नोकरीत किती गावं बुडाली असतील नसतील, त्याचा हिशेब कोणी मागितला नव्हता. मायने काही न मागता तो माझ्यासमोर ठेवला होता.

अशात एका सकाळी मला वाफ्यात हिरवं दिसलं. जिथे नळीचं तोंड होतं, जिथे मातीवर पांढरं फुटलं होतं, तिथेच चिवळ पसरली होती. बारीक पानांची, जमिनीला चिकटून वाढणारी ही रानभाजी आपोआप उगवते. तिला ना उन्हाचं भय ना खाऱ्या पाण्याचं. आमच्याकडे उन्हाळ्यात लोक आवडीने खातात, बाजारात जुड्या विकायला येतात. मला वाटलं, सुटलो. ओंजळभर चिवळ उपटली आणि धावत मायकडे गेलो.

"माय, हे पाय. आपल्या मातीतली भाजी. कोनी लावली नाई, कोनी निगा केली नाई. हेच देऊ पौर्निमेले. याच्यात लोह असतं, कॅल्शियम असतं, आता तर मोठमोठ्या शहरांतील लोक सॅलडमध्ये हिचा वापर करतात."

मायने चिवळ हातात घेतली नाही.

"मळ्यातून घरी जाताना मालकीन ओटी पाहे," ती म्हणाली. "रोज. वांगं सापडलं तं मजुरी कापे. चिवळ असली तं म्हने, ने बाई, ने, कचराच हाये. मी तो कचरा रांधला. तुमाले खाऊ घातला. तू त्याच्यावरच मोठा झाला. बुद्धाच्या जेवनात मी कोनी फेकलेलं नाई देत. मले वांगं पायजे होतं."

मला हे माहीत नव्हतं. चिवळ आमच्या घरात इतकी का व्हायची, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला ती आवडायची म्हणून माय करते, असं मी साठ वर्षं धरून चाललो होतो. मी ती ओंजळ परत वाफ्यात नेऊन टाकली आणि तिथेच बसलो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तसंही तिथे मेलेल्या रोपांशिवाय कोणी नव्हतं.

संध्याकाळी मी म्हणालो, "माय, पाच किलो वांगे बजारातून आनतो. तुह्या नावानं देऊ."

"इकतचे तं तू देशीन. तांदूय देते तसे." एवढं बोलून ती काठी घेऊन उठली आणि म्हणाली, "चाल, तुले दाखवतो."

दाखवलं ते फाटकाजवळ. उन्हाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आम्ही फाटकाशी कडुनिंबाखाली रांजण ठेवतो, त्यात नळाचं गोडं पाणी. रांजण पाझरतो आणि त्याच्या बुडाशी माती ओली राहते. तिथे, रांजण आणि भिंतीच्या फटीत, वांग्याचं एक झाड उभं होतं. फूटपट्टीने लावून उरलेलं पंचविसावं रोप तिने तिथे खोचलं होतं. माझ्या चौकटीत ते बसत नव्हतं म्हणून मी ते मोजलंच नव्हतं. झाड काही डौलदार नव्हतं, खालची पानं पिवळी होती, फुलं बरीच गळाली होती. पण त्याला तीन वांगी धरली होती, सुपारीहून जरा मोठी.

"पैलेच काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तू त्याले बी कूलरचं पाजलं असतं."

पौर्णिमेपर्यंतचे उरलेले दिवस त्या झाडाजवळ जायला मला मनाई होती. माय सकाळी रांजणातलं तांब्याभर पाणी उपसून त्याला द्यायची, दुपारी त्यावर ओलं फडकं धरून बसायची. बायको तिला छत्री नेऊन द्यायची. मी खिडकीतून बघायचो. एक वांगं गळून पडेल की काय, या भीतीने मला जेवण जात नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या पिकाकडे दिवसातून दहा वेळा बघत होतो. ज्यांना मी तक्त्याप्रमाणे करा म्हणायचो, ते सगळे असेच बघत असणार, वर्षानुवर्षं.

पौर्णिमेच्या सकाळी तिने तिन्ही वांगी स्वतः तोडली. मोठी झाली होती, पण एक किडकं निघेल अशी शंका होती आणि एक वाकडं होतं. पांढरं लुगडं नेसली, पदराची ओटी केली आणि वांगी त्यात घेतली. मी पिशवी पुढे केली, तिने ती घेतली नाही. रस्त्याने चालताना लोक थांबून विचारत, "माय, ओटीत काय नेऊन राह्यली?" ती ओटी उघडून दाखवायची. प्रत्येकाला. दहा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला पाऊण तास लागला.

विहारात टेबल मांडून कमिटीचे सचिव वहीत लिहून घेत होते. तेलाचे डबे, गव्हाची पोती, माझा तांदळाचा कट्टा, सगळं रांगेने लागलं होतं. मायने टेबलावर तीन वांगी मांडली.

"वांगे," ती म्हणाली. "लिव."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. सेवेत असताना मी त्यांच्या भावाच्या वावराला भेट दिली होती, ते मला मान देतात. हळूच म्हणाले, "साहेब, तीनच? राहू द्या, तुमच्याच नावात टाकून देतो."

"त्याच्या नावात नाई," माय म्हणाली. "तीनच हायेत. पन माह्या घरचे हायेत."

सचिवांनी पेन उचललं आणि तिला नाव विचारलं. कॉलनीत सगळे तिला साहेबांची माय म्हणतात, खरं नाव कोणाला माहीत नव्हतं. तिने सांगितलं. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग गावाचं.

दुपारी माइकवर यादी वाचली. तेल, गहू, माझा हुद्दा, माझा तांदूळ. आणि मग तिचं नाव, पूर्ण, आणि पुढे "वांगे, तीन नग". मंडपात थोडं हसू पसरलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. बायकोला कोपराने ढोसून तिने विचारलं, "माहं नाव घेतलं ना? बराबर घेतलं ना?"

ती तीन वांगी दोन-अडीचशे माणसांच्या बटाट्याच्या भाजीच्या कढईत पडली आणि दिसेनाशी झाली. पंगत बसली, भाजी वाढली. माय जेवायला बसली नाही. काठी टेकत ती एकेका रांगेजवळ गेली आणि प्रत्येकाजवळ थांबून विचारत गेली, "भाजी कशी झाली?" लोक म्हणायचे, चांगली झाली माय. ती पुढच्या पानाजवळ जायची. माझ्याजवळही आली. माझ्या ताटात बटाट्याच्या तीन फोडी होत्या आणि वांग्याचं नाव नव्हतं.

"कशी झाली रे?"

मी मान हलवली आणि खाली बघून जेवत राहिलो. ती शेजारच्या माणसाकडे वळली आणि म्हणाली, "पोटभर घ्या. घरचीच हाये."